गरम होता होता बंद पडते

धावडा,
३ डिसेंबर २०२३

इंद्रभानमामा,

नमस्कार. वाकून केलाय. ओरडून केला असता तरी तुमच्यापर्यंत पोचला नसता.

साधनाताईला फोन केला होता. ती म्हणाली, दादांशी बोलायचं विसर, आता त्यांच्या कानाशी ताशा वाजवला तरी मान हलत नाही. मोबाईलवर लिहून दाखवलं तर चष्मा सापडत नाही म्हणतात. पत्र आलं की मात्र चष्मा लगेच सापडतो. म्हणून पोस्टात जाऊन पाकीट आणलं. मास्तरांनी विचारलं, "कोर्टाचं काम हाय का?" म्हटलं, मामाचं आहे.

काम पिकअपचं आहे. तुम्ही आणि प्रांजलीच्या पप्पांनी मिळून खोललेली, जोडलेली तीच पांढरी जुनी पिकअप. सकाळी सेल्फ मारला की एका झटक्यात सुरू होते. थंडी आहे म्हणून तिला उभ्या उभ्या गरम होऊ देते आणि तोवर भाजीची कॅरेट चढवते. इंजिनाचा आवाज मऊ पडायला लागतो, आता निघावं असं वाटतं, आणि बंद. धूर नाही, धक्का नाही. बोलता बोलता माणसाने गप्प व्हावं तशी. थोडं थांबून सेल्फ मारला की पुन्हा सुरू, पुन्हा तेच. बाजार उजाडायच्या आत गाठावा लागतो. मी पोचते तेव्हा लोक रिकामी कॅरेट आवरत असतात. असंच चाललं तर शेतकरी मला माल देणार नाहीत. राजूरच्या गणपतीला जाऊन नारळ फोडला. देवाने ऐकलं असेल, गाडीने ऐकलं नाही.

गावाला तर चघळायला विषयच मिळाला. म्हणतात, धन्याला आवडत न्हाई बाईनं गाडी चालवलेली. हेच लोक सांगतात की धनी मिरचीवाल्या व्यापाऱ्याची गाडी घेऊन पळाला आणि सुरतेकडे दुसरी बाई करून बसला. पळालेल्या माणसाची नाराजी बरी इतक्या लांबून पोचते!

तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी लिहिते, मळमळ तेवढी कमी होईल. गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात व्यापाऱ्याची पिकअप घेऊन हे सुरतेला गेले. मिरची पोचली. हे परत आले नाहीत, गाडी आली नाही, फोन लागला नाही. व्यापाऱ्याने चोरीची तक्रार दिली. मामा, मला एवढं एकच कुणीतरी सांगावं: माणूस मला सोडून गेला की माझ्याकडे येत होता? पळाला असेल तर शिव्या घालीन, मेला असेल तर रडीन. सध्या दोन्हीही करता येत नाही. सकाळी कुंकू लावताना हात थांबतो.

सासूबाई बऱ्या आहेत. त्यांची राहिलेली चार मेंढरं घेऊन रोज पहाटे घाटाखालच्या तलावावर जातात. तुम्ही लग्नात ऐकलेली त्यांची साद अजून तशीच खणखणीत आहे, अर्धं गाव त्या सादेवर उठतं. गाडीबद्दल मात्र त्या काही बोलत नाहीत, याचं मला जरा नवल वाटतं.

गाडीचं काय करू ते लिहा.

तुमची,
वर्षाराणी


नवीन जालना,
९ डिसेंबर २०२३

ड्रायव्हरीणबाई वर्षा हिला आशीर्वाद, आणि सोबत थोडा राग.

तीन पानं लिहिलीस आणि त्यात गाडीच्या ओळी किती? डॉक्टरकडे जाऊन पोट दुखतं सांगायचं सोडून शेजारणीची भांडणं सांगतेस. गावाच्या तोंडाला झाकण नाही, टाकीला आहे. टाकीचं बघू.

पूर्वी मी स्टेशनजवळच्या गॅरेजच्या ओट्यावर बसून, गाडी वळणावर असतानाच सांगायचो की हिचा कोणता नोझल गेला. आता कानात भुशाचं पोतं भरल्यागत झालंय. तेव्हा तुझे कान मला उसने दे. आवाज लिहून पाठव. लाजू नकोस, जसा येतो तसा लिही.

पुढच्या गोष्टी कर, पण एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली तर कशाने सुधारली हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. आधी डिझेलचा फिल्टर बदल. तसंच झालं तर टाकीचं झाकण उघडं ठेवून चालू कर, कधी कधी टाकीला श्वास घ्यायला जागा नसते. तरीही बंद पडली तर लगेच फिल्टरवरचा हातपंप दाबून बघ, मूठ कशी लागते ते लिही.

गोरखबद्दल मी काही लिहीत नाही. पोरगा माझ्या हाताखाली शिकला, तुझ्यासाठी मीच त्याला निवडला. गाडी चालू केली की आधी एकदा हलकी रेस द्यायचा, मग एकदा लांब. मी म्हणायचो, अरे, इंजिन काय बहिरं आहे का, दोनदा सांगायला? सवय काही गेली नाही. तो चोर नव्हता एवढं मला ठाऊक आहे. बाकी मला काही ठाऊक नाही, आणि ठाऊक नसलेल्या गोष्टीत मी पाना घालत नाही.

प्रांजलीला पापा.

इंद्रभानमामा


धावडा,
१७ डिसेंबर २०२३

मामा,

राग पोचला. आवाज लिहिते, हसू नका.

सुरू होते तेव्हा धड... धड... धड, जात्यात खडा आल्यासारखी. मग धडधडधड एका सुरात. मग त्याचा नुसता भर्रर्र होतो, तेव्हा ती गरम झाली समजायचं. मग तो भर्रर्र आतल्या आत बारीक होतो, दोनदा हुप् हुप् करते आणि मग काही नाही. प्रांजलीला हा आवाज पाठ झालाय. शाळेत बाईंनी गाणं म्हण म्हटलं तर हेच म्हणून दाखवलं.

आमच्या गावातला मेकॅनिक हरिओम, त्याने फिल्टर बदलला. तसंच. दुसऱ्या दिवशी झाकण उघडं ठेवलं. तसंच. बंद पडल्या पडल्या हातपंप दाबला, तर मामा, मूठ खाली गेली ती वर यायलाच तयार नाही. कुणीतरी खालून धरून ठेवल्यासारखी. मी घाबरून हात काढला. थोड्या वेळाने तिने आपोआप सोडली आणि गाडी पुन्हा सुरू झाली.

हरिओम म्हणाला, "वहिनी, टाकी उतरवूनच बघावं लागंल." तो खाली वाकला तोच सासूबाई काठी घेऊन आडव्या आल्या. "बाकी काय उसवायचं ते उसव. टाकीला हात लावायचा न्हाई." मी कारण विचारलं तर मेंढरं घेऊन निघून गेल्या. ज्या बाईने कधी गाडीचा दरवाजा स्वतः उघडला नाही, तिला टाकी कुठे असते हे कसं ठाऊक?

वर्षा


नवीन जालना,
२४ डिसेंबर २०२३

वर्षा,

"कुणीतरी खालून धरून ठेवल्यासारखी." एवढं एक वाक्य आधी लिहिलं असतंस तर फिल्टरचा खर्च वाचला असता.

टाकीत काहीतरी पडलेलं आहे. पान, चिंधी, पिशवीचा तुकडा. इंजिन थंड असताना ते बाजूला पडून असतं. गाडी चालू झाली की डिझेलबरोबर हळूहळू ओढलं जातं आणि नळीच्या तोंडाला जाऊन चिकटतं. इंजिन उपाशी मरतं. ओढ थांबली की ते गळून पडतं, म्हणून पुन्हा सुरू होते. यात भूत नाही, भानामती नाही. आणि बंद पडायच्या जरा आधी मागच्या बाजूने ते घासल्याचं येतं ना, पत्र्याखालून जड काहीतरी ओढल्यासारखं, तेही त्यातलंच असणार.

सासूबाई तलावावर गेल्या की टाकी उतरव. परत आल्यावर होईल ते भांडण होऊ दे, तुला ते नवीन नाही.

इथे थंडी फार आहे. साधना मला पहाटे उठू नका म्हणते. झोप लागत नाही.

मामा


धावडा,
२ जानेवारी २०२४

मामा,

तुमचं निदान बरोबर निघालं, पण मला आनंद झाला नाही.

हरिओमने टाकी उतरवली, आत वाकवलेली तार घातली आणि एक काळी चिंधी ओढून काढली. रॉकेलात धुतली तर खाली पांढरं कापड, त्याला लाल काठ. ह्यांचा डोक्याला बांधायचा रुमाल, त्याची फाडलेली पट्टी. मी तशीच ती हातात घेऊन उंबऱ्यात बसले. सासूबाई आल्या, पट्टी बघितली आणि त्यांचं तोंड उतरलं. भांडल्या नाहीत. समोर बसल्या आणि म्हणाल्या:

"आमच्यात मेंढका रानात हरवला की त्याचा रुमाल पाण्यात भिजवायचे आन् ते पाणी कळपाच्या पुढच्या मेंढीला पाजायचे. मंग ती चालता चालता थांबती. थांबली की समजायचं, तिला धन्याचा वास आला. माझा सासरा आसाच सापडल्ता, घाटात पाय मोडून पडल्ता. आता कळप न्हाई राह्यला. गोरखनं हिलाच मेंढीवानी सांभाळली. मंग मी हिला पाजलं."

मी म्हटलं, अहो, म्हणून तर ती बंद पडत होती!

"बंद पडून न्हाई राह्यली गं ती. थांबून राह्यली व्हती. तू तिच्या तोंडातून काढून घेतलंस."

मला आधी हसू आलं, मग रडू आलं, आणि त्यांच्यासमोर दोन्ही नको म्हणून मी गाडी घेऊन निघाले. बाजारापर्यंत एकदाही बंद पडली नाही. आता गरम होते, निघते, पोचते. तुमचे उपकार.

पण एक विचारायचं आहे. तुम्ही घासल्याचा आवाज लिहिलात, पत्र्याखालून जड काहीतरी ओढल्यासारखा. तसं मी लिहिलं नव्हतं. टाकी उतरवायच्या आदल्या सकाळी मी मुद्दाम मागे कान लावून बसले. तसा आवाज आमच्या गाडीत येतच नाही. मग तुम्हाला कुणी सांगितला?

वर्षा


नवीन जालना,
१० जानेवारी २०२४

वर्षा,

हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल. साधनाच्या हाती लागलं तर कानाचा डॉक्टर सोडून ती मला डोक्याच्या डॉक्टरकडे नेईल.

मला कुणी सांगितला नाही. मी ऐकला.

दिवाळीच्या सुमारास सुरू झालं. पहाटे जाग येते. घर मुकं, रस्ता मुका, रेल्वे जाते ती फक्त भिंत हलते म्हणून कळते. आणि त्या मुकेपणात एक डिझेल इंजिन सुरू होतं. पूर्वी माझे कान चांगले होते तेव्हासुद्धा इतकं स्वच्छ ऐकू यायचं नाही. सुरू होतं, गरम होतं, मग ते घासल्याचं, मग बंद. त्यानंतर दिवसभर काही नाही. पहिल्या दिवशी मी आनंदाने रडलो, मला वाटलं कान परत आले. साधनाने समोर ताट आपटलं, ते ऐकू आलं नाही.

मग तुझं पत्र आलं. गाडी पहाटे सुरू होते आणि गरम होता होता बंद पडते. मला वाटलं, पोरीची गाडी आहे, मीच जोडलेली, मला हाक मारत असेल. म्हातारपणी असले लाड मनाला आवडतात. म्हणून तुला बोललो नाही आणि तुझा रोग शोधत बसलो.

आता तुझी गाडी बरी झाली. तू लिहिलंस, एकदाही बंद पडली नाही. वर्षा, आज पहाटे ती बंद पडली. काल पडली, परवा पडली.

एक काम कर. थोडे दिवस गाडी चालूच करू नकोस. किल्ली काढून ठेव. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मग बघू.

मामा


धावडा,
२२ जानेवारी २०२४

मामा,

तुमच्यासाठी गाडी उभी केली. माल हरिओमच्या मेव्हण्याच्या टेम्पोतून गेला, दोन शेतकरी तिकडेच चिकटले. गावात सगळे खूश, म्हणतात बाईचा उत्साह उतरला. मला तुमचा राग आला होता आणि तो मी इथे लिहून ठेवते.

पत्र चुलीत घातलं नाही. सासूबाईंनी पाकीट बघितलं आणि वाचून दाखव म्हणून हट्ट धरला. वाटलं, घाबरतील. त्या ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "तुझ्या मामाला इचार, कोण चालू करून राह्यलं ते. गाडी आपल्या आपण कशी सुरू व्हईल?" असं म्हणून मेंढरं सोडायला उठल्या, जणू मी बाजारभाव वाचून दाखवला.

घाबरले ती मी. रोज पहाटे अंगणात गेले आणि बॉनेटवर हात ठेवून उभी राहिले. लोखंड गारठलेलं होतं. किल्ली माझ्या ब्लाउजमध्ये होती. सगळीकडे शांत, लांबून फक्त सासूबाईंची मेंढरांना साद. मी तिथे हात ठेवून उभी असताना, मामा, तुम्ही तिकडे ऐकत होता का?

फक्त हो की नाही तेवढं लिहा.

वर्षा


नवीन जालना,
१८ मार्च २०२४

वर्षा,

हो.

उत्तराला उशीर झाला. लिहायचो आणि फाडायचो. साधनाला वाटलं मी मृत्युपत्र करतोय. खाली बस आणि एकटी वाच. प्रांजलीला बाहेर खेळायला पाठव.

तुझी गाडी उभी होती तेव्हाही मला ऐकू आलं. म्हणजे ती तुझी नव्हे. मग मी मन घट्ट करून, गिऱ्हाइकाची गाडी ऐकावी तसा ऐकायला बसलो. आजवर मी फक्त इंजिन ऐकत होतो, चालवणारा ऐकला नव्हता. तुझ्या सासूने बरोबर विचारलं. सेल्फ लागतो, मग एकदा हलकी रेस. मग एकदा लांब. चाळीस वर्षांत असा हात मी एकाच पोराचा बघितला.

ते कळल्यावर मला वेडा आनंद झाला. वाटलं, कुठेतरी आहे, जिवंत आहे, गाडी खराब आहे म्हणून अडकलाय, दुरुस्त कशी करायची ते मला विचारतोय. पोरगा अडला की माझ्याकडेच यायचा. म्हणून मी त्या गाडीचा रोग शोधायला लागलो. डिझेल बरोबर, पंप बरोबर. गरम होते आणि मरते. वर्षा, ती उपाशी मरत नाही, तिचा श्वास कोंडतो. इंजिन हवा मागतं आणि त्याला दुसरंच काही मिळतं. हा आवाज मी आयुष्यात एकदाच ऐकलाय. कुंडलिकेला पूर आला होता आणि एका शहाण्याने पाण्यात उभा असलेला ट्रक चालू केला होता. इंजिन पाणी प्यायलं की असं गुदमरतं.

ते घासणं टाकीतलं नव्हतं, मी चुकलो. ते गाडीच्या पोटाखालचं आहे. गिअर पडतो, गाडी थोडी सरकते, खाली गाळ घासतो, मग बंद.

अजून एक आहे, आणि हे लिहावं की नाही यातच दोन महिने गेले. इंजिन बंद पडलं की त्या शांततेत एक बाईचा आवाज येतो. पाण्याच्या वर कुणी बोलावं आणि आपण पाण्याखाली असावं तसा. दिवाळीत पुसट होता, आता जवळ आलाय. तुझ्या सासूची, आसराबाईची, मेंढरांना घालायची साद आहे ती.

मी बहिरा म्हातारा आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. पोलिसांना सांगू नकोस, हसतील. आसराबाईला काय सांगायचं ते तू ठरव.

मामा


धावडा,
२६ मे २०२४

मामा,

तुमच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, कारण त्या दिवशी तुम्ही समोर असता तर मी तुमच्या अंगावर धावून गेले असते. सासूबाईंना सांगितलं, मामांना आता ती गाडी ऐकू येत नाही. त्या "बरं" म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्याबरोबर पहाटे तलावावर जायला लागले. त्यांनी का येतेस म्हणून विचारलं नाही. मेंढरं पाणी पीत असायची आणि आम्ही दोघी काठावर बसून राहायचो. मी पाण्याकडे बघायचे, त्या माझ्याकडे बघायच्या. मी रोज देवाला म्हणायचे, हे पाणी आटू नये. सगळा जिल्हा पाण्यासाठी टाहो फोडत होता आणि मी असलं मागत होते.

यंदा पाऊसच नव्हता. आधी काठावरच्या पाणी उपसायच्या मोटारी बंद पडल्या. मग शेतात टाकायला गाळ काढायचा म्हणून उरलेलं पाणीही सोडून दिलं. परवा सकाळी आम्ही उतरणीला लागलो तेव्हा पाण्याच्या वर पांढरा पत्रा दिसत होता. सासूबाईंनी माझा हात धरला. त्यांनी माझा हात याआधी कधी धरला होता ते मला आठवत नाही.

पोलीस आले, ट्रॅक्टर आला, सगळं गाव आलं. गाडी व्यापाऱ्याचीच निघाली. स्टिअरिंगमागे हे होते. मनगटातल्या कड्यावरून ओळखले, बाकी ओळखण्यासारखं काही राहिलं नव्हतं. व्यापारी भोकरदनहून आला, नंबर बघितला आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. ज्या बायका सुरतेच्या बाईचं नाव-गाव मला सांगायच्या त्या पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मी गाडीचं तोंड बघत होते. गाडीचं तोंड गावाकडे होतं, आमच्या घराकडे.

आता जे लिहिते ते मी डोळ्यांनी बघितलंय. घाटातला रस्ता तलावाच्या पलीकडच्या अंगाने उतरतो, ते वळण तुम्हाला आठवत असेल. तिथले कडेचे दगड त्या पावसाळ्यात ढासळले होते. गाडी तिथूनच पडली असणार, सगळे तेच म्हणाले. पण गाडी सापडली ती अलीकडच्या काठाला, जिथे मेंढरं पाणी पितात तिथे. ट्रॅक्टरची साखळी लावायच्या आधीच लोकांच्या लक्षात आलं. गाडीच्या मागे ओल्या गाळात चाकांच्या दोन चाकोऱ्या होत्या. तोवर उरलंसुरलं पाणीही निघून गेलं होतं, म्हणून त्या पार दिसत होत्या, तलावाच्या मधून, खोलातून, सरळ पलीकडच्या वळणाच्या पायथ्यापर्यंत. मध्ये मध्ये थांबल्याच्या खुणा, चाक रुतून खड्डा झालेला. मग पुढे. मग पुन्हा खड्डा. अलीकडचे खड्डे ताजे होते.

साहेब म्हणाले, पाण्याच्या ओढीने गाडी सरकली असेल. हरिओम खाली मान घालून बोलला, "साहेब, वाहून आलेल्या गाडीची चाकोरी पडत न्हाई. चाकं फिरल्याबिगर न्हाई पडत." साहेबांनी त्याला गप्प बस म्हणून सांगितलं आणि कागदावर ओढच लिहिली. लिहू देत.

सासूबाई चपला काढून त्या चाकोरीत उतरल्या. कुणी अडवलं नाही. एका चाकोरीतून त्या पार पलीकडच्या वळणापर्यंत चालत गेल्या, आणि दुसऱ्या चाकोरीतून परत आल्या. गुडघ्यापर्यंत गाळ लागला होता. माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "आन् मी इथं मेंढरायला साद घालून राह्यली व्हते, वर्षा. त्येला वाटलं, आई मलाच बलावती."

मग आम्ही दोघी त्या गाळात बसून रडलो. सगळ्या गावासमोर, मोठमोठ्याने. पावणेदोन वर्षं मला नुसतं बसायचं होतं आणि असं रडायचं होतं, मामा.

हे पळाले नव्हते. हे रोज सकाळी घरी यायला निघत होते.

तुमची,
वर्षा